मुंडगोड तिबेटी वसाहत
उत्तर कन्नड जिल्ह्यातील (कर्नाटक) तिबेटी निर्वासितांची वसाहत; तिबेटी नाव दोएगुलिंग. खानापूर तालुक्यातील गुंजीच्या आग्नेयेस, हल्याळच्या पलीकडे. मार्च १९५९ च्या ल्हासा येथील चीनविरोधी उठावानंतर दलाई लामांच्या मागोमाग भारतात आलेल्यांसाठी तत्कालीन म्हैसूर राज्याने जंगलजमीन दिली व १९६६ मध्ये वसाहत सुरू झाली.

तिबेटींच्या धर्मस्वातंत्र्याच्या लढ्यात तिचे स्थान मोठे आहे. गेलुग पंथाचा प्रवर्तक चोंखापा याने तिबेटमध्ये १४०९ मध्ये स्थापिलेला गादेन आणि १४१६ चा द्रेपुंग या मठांचे निर्वासित भिक्षू पश्चिम बंगालमधील बक्सा येथील छावणीत हालात दिवस काढत होते. छावणीत क्षयाने अनेकांचा बळी घेतला. वाचलेल्यांनी मुंडगोडला येऊन जंगल तोडले, मका-भात पिकवला आणि हे मठ पुन्हा उभारले. अंगणात टाळ्या वाजवत चालणारा न्यायवाद आणि गेशे पदवीचे दीर्घ अध्ययन येथे अखंड चालू आहे. तिबेटमध्ये मात्र मठांवर चिनी सरकारचे नियंत्रण आहे. दलाई लामांखालोखाल मानल्या जाणाऱ्या पंचेन लामाचा पुनर्जन्म म्हणून ओळख पटलेला, तेव्हा सहा वर्षांचा असलेला गेंदुन चोक्यी न्यिमा १९९५ पासून चीनच्या ताब्यात बेपत्ता आहे, आणि २००७ च्या आदेशाने लामांच्या पुनर्जन्मालाही सरकारी मंजुरी सक्तीची झाली. गुरू ठरवण्याचा अधिकार श्रद्धावंतांचाच असला पाहिजे.

दरवर्षी १० मार्चला तिबेटी लोक उठावाचा स्मरणदिन पाळतात. हिवाळ्यात महाराष्ट्र-कर्नाटकातील शहरांत तिबेटी विक्रेते स्वेटर विकतात. मराठी माणसाची त्यांच्याशी ओळख बहुधा तेवढीच.