लान्सारोते : राखेच्या पोटातलं बेट

१ सप्टेंबर १७३०. रात्रीचे नऊ वाजून गेलेत. पुण्यात शनिवारवाड्याचं बांधकाम याच वर्षी सुरू झालंय, आणि तुम्ही आहात तिथून हजारो मैल दूर, अटलांटिकमधल्या लान्सारोते बेटावर, याइसा गावच्या चर्चच्या दारात. स्पेनच्या राजाचा मुलूख, पण आफ्रिकेचा किनारा जवळ. चार थेंब पाऊस पडला तर गहू-सातू पिकवून जगणारी माणसं.

भुई हादरते. तिमानफायाच्या बाजूला आभाळ तांबडं होतं. जमीन फाटून तिच्या पोटातून डोंगर वर येतोय, हे तुम्ही उघड्या डोळ्यांनी बघता. शेजारी उभे आहेत गावचे पाद्री आन्द्रेस लोरेन्सो कुर्बेलो. जे दिसेल ते टिपून ठेवण्याची त्यांना सवय, म्हणून तर या रात्रीची वेळसुद्धा आपल्याला कळली. ते तुमच्याकडे वळून विचारतात, "हे किती दिवस चालेल हो?"

तुम्हाला उत्तर ठाऊक आहे. १६ एप्रिल १७३६. पण सांगून काय करणार?

पुढचे महिने कुर्बेलोंबरोबर काढा. लाव्हा सुरुवातीला पाण्यासारखा पळतो, मग मधासारखा सरकतो. गावामागून गाव त्याच्याखाली जातं. ऑक्टोबरअखेर विषारी वाफेने गुरं उभ्या जागी कोसळतात. किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडतो, त्यात कोणी कधी न पाहिलेल्या जातीसुद्धा असतात. १७३१ संपता संपता पाद्रीबाबा आशा सोडतात आणि गावकऱ्यांना घेऊन ग्रान कनारिया बेटाकडे निघतात. त्यांना निरोप द्या. बेटाचा जवळजवळ चौथा हिस्सा लाव्हा आणि राखेखाली जाणार आहे, आणि त्यात बेटावरची उत्तम शेतजमीन आहे.

आता चाळीसेक वर्षं पुढे. आरेसीफेच्या बंदरावर सान होसेचा किल्ला बांधला जातोय. शत्रूची भीती आहेच, पण खरं कारण दुष्काळ. लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून राजा तिसरा कार्लोस पैसा देतो, म्हणजे आपल्या भाषेत दुष्काळी काम. लोक त्याला भुकेचा किल्लाच म्हणतात. १९७६ पासून तिथे आधुनिक कलेचं संग्रहालय आहे. चित्रं बघून झाली की क्षणभर भिंतीचे दगडही बघा.

तिथून ला हेरियाला या आणि इथे मात्र घाई करू नका. डोळा पोचेल तिथवर काळी राख, आणि त्या राखेत शेकडो गोल खड्डे. एका खड्ड्यात उतरा. काहींची खोली दोन पुरुषांएवढी असते. पायाखाली बोरूएवढे हलके, सच्छिद्र काळे खडे कुरकुरतात. त्यांना इथे 'पिकोन' किंवा 'रोफे' म्हणतात. तळाशी हात घालून ते बाजूला करा. खाली जुनी तपकिरी माती लागते, बोटांना ओल जाणवते. वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या बेटावर ही ओल टिकते ती वरच्या राखेमुळे. रात्रीचा दमटपणा ती शोषते आणि दिवसा खालच्या मातीला ऊन लागू देत नाही. खड्ड्याच्या काठावर, वारा येतो त्या बाजूला, अर्धगोल गडगा रचलेला, चुना-माती न लावता. आत द्राक्षाचा एखाददुसराच वेल, जमिनीलगत पसरलेला. ज्या राखेने शेत गाडलं तिच्यातच शेती करायची, ही अक्कल कोणा सरकारी तज्ज्ञाची नाही, उपाशी शेतकऱ्यांची आहे. एल ग्रिफो हा द्राक्षमद्याचा कारखाना १७७५ पासून चालू आहे. त्याच्या जुन्या कोठारात आता संग्रहालय आहे. मालवासिया द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनचा एक पेला तिथे जरूर घ्या.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ग्वातिसा गावात डोकवा. शेतंच्या शेतं फड्या निवडुंगाची. पानांवर पांढरी लव दिसते, ते कोचिनील किडे. एक चिरडा, बोट किरमिजी होईल. याच रंगाने युरोपातले कपडे रंगतात आणि बेटाला पैसा मिळतो. (कंपनी सरकारनेही हिंदुस्थानात हा उद्योग करून पाहिला होता. किडा भलत्याच जातीचा आला आणि त्याने निवडुंगच फस्त केला.) मग प्रयोगशाळेतले रंग येतात आणि हा धंदा बसतो.

१९६८ ला ताइचेमध्ये या. न्यूयॉर्कहून परतलेला चित्रकार सेसार मानरिके लाव्हाच्या काळ्या पठारावर घर बांधतोय. खाली लाव्हाचे पाच पोकळ बुडबुडे आहेत, त्यांच्या त्याने खोल्या केल्यात. एका खिडकीतून तर गोठलेला लाव्हा थेट घरात शिरलाय. नवी घरं बुटकी आणि पांढरी असावीत, रस्त्याकडेला जाहिरातींचे फलक नसावेत, असा या माणसाचा हट्ट, आणि बेटाने तो बराचसा मानला. हे घर आज त्याच्या नावाच्या संस्थेचं संग्रहालय आहे.

त्याचं या बेटावरचं शेवटचं मोठं काम ग्वातिसातच आहे : १९९० मध्ये खुली झालेली निवडुंगाची बाग. रोफे खणून खणून उरलेली ही एक खाण, तिचा खड्डा त्याने गोल रंगमंडलासारखा केला. पायऱ्यापायऱ्यांवर जगभरचे निवडुंग आहेत, शेकडो जातींचे, आणि मधूनमधून खणणाऱ्यांनी सोडलेले राखेचे उंच सुळके. वरती जुनी पवनचक्की. मला विचाराल तर सगळ्या बेटावर पाहण्यासारखी एकच जागा निवडायची झाली तर ही.

आणि किनारे? पापागायोची वाळू सोनेरी आहे, खाडी शांत आहे. फामाराला वारा आहे, उंच कडा आहे, लाटांवर फळीवर स्वार होणारे आहेत. मात्र पाणी कनारी प्रवाहामुळे गारच असतं. नुसत्या समुद्रस्नानासाठी एवढ्या लांब जाऊ नका, त्याला आपलं कोकण पुरेसं आहे. किनारा शेवटच्या दिवसासाठी ठेवा, राख झटकायला.

दोन गोष्टी मात्र पाळा. तिमानफाया राष्ट्रीय उद्यानातून आठवण म्हणून खडा उचलू नका, त्याला मनाई आहे. आणि हामेओस देल आग्वाच्या गुहेतल्या तळ्यात नाणं टाकू नका. तिथे नखाएवढे, पांढरे, आंधळे खेकडे राहतात, आणि गंजणाऱ्या धातूने ते मरतात.