रोज एक पान

स्वीडनमध्ये मॅय श्योवॉल आणि पेर वालू या लेखक-जोडीने १९६५ ते १९७५ या काळात पोलिसी तपासाच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या व गुन्ह्याच्या निमित्ताने आपल्या सुखवस्तू समाजाचे वाभाडे काढले. पुढे हेनिंग मांकेलचा वॉलंडर आला. २००८ साली तो ब्रिटिश टेलिव्हिजनवरही अवतरला. तिकडे रहस्यकथेला साहित्याच्या पंक्तीत पाट मिळाला.

आपल्याकडे मात्र ती उशीखालीच राहिली. बाबुराव अर्नाळकर (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू यांनी किती मराठी माणसांना वाचनाची गोडी लावली, याचा हिशेब टीकाकारांनी कधी मांडला नाही. त्यांना त्याची गरज भासली नसावी!

याच वाटेने पुण्याचे सुहास शिरवळकर आले. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास ही त्यांची माणसे. त्यांचीच 'समांतर' ही कादंबरी. आपण जगतो आहोत ते आयुष्य सुदर्शन चक्रपाणी नावाचा एक गृहस्थ आधीच जगून बसला आहे, असे कुमार महाजनला कळते. पुढे चक्रपाणीची रोजनिशी हाती येते; तिचे रोज एकच पान वाचायचे. वाचकहो, दिवाळी अंकातल्या गोष्टीचे शेवटचे पान आधी उलटून पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही केवढी शिक्षा! मला या कल्पनेचे फार कौतुक वाटते. इथे खुनी शोधायचा नाही. तपास आहे तो स्वतःच्या उद्याचा.

२०२० साली सतीश राजवाडे यांनी तिची वेब मालिका केली. स्वप्नील जोशी कुमार झाले आणि नितीश भारद्वाज चक्रपाणी. २०२१ साली दुसरा भाग आला. भागाभागांत तुटणे या कथेला मानवते, कारण ती मुळातच पानापानाने पुढे सरकते.

शिरवळकर २००३ सालीच गेले. २०१३ सालचा 'दुनियादारी' चित्रपटही त्यांनी पाहिला नाही.

आमच्या मोरगावी चतुर्थीला मयूरेश्वराच्या दर्शनाला पुण्याचे पाहुणे येतात. चहाच्या वेळी 'समांतर'चा विषय निघाला, की नटांची नावे त्यांच्या जिभेवर असतात. "आणि लिहिली कोणी?" मी विचारतो. कोणीतरी मोबाइल काढू लागतो. तेवढ्यात मीच नाव सांगून टाकतो.