ब्राँटे भगिनींचे आजोळ

इंग्रजी साहित्य शिकलेल्या बहुतेकांच्या मनात ब्राँटे भगिनींचे एक चित्र पक्के बसलेले असते. यॉर्कशरमधले हॉवर्थ हे चढणीवरचे गाव, धर्मोपदेशकाच्या घराला खेटून असलेली दफनभूमी, मागे वाऱ्याने झोडपलेले माळरान, आयर्लंडहून आलेला करडा बाप आणि या एकांतात वाढलेल्या शार्लट, एमिली आणि अ‍ॅन. आई या चित्रात येते ती मरण्यापुरती. १८२१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, सहा लेकरे मागे ठेवून ती जाते आणि गोष्ट पुढे सरकते. माझे म्हणणे असे की या गोष्टीचा अर्धा भाग हॉवर्थमध्ये घडलेलाच नाही. तो इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्स या बंदरात घडला. ब्राँटे भगिनींच्या लेखनामागचा पैसा, काही पुस्तके आणि स्वतःच्या मिळकतीवर जगणाऱ्या बाईचा नमुना या गोष्टी तिथून, म्हणजे त्यांच्या आजोळाहून आल्या. त्यांची आई मारिया ब्रॅनवेल हिला विसरून या मुलींनी काय लिहिले ते कदाचित समजेल, पण ते लिहून छापता कसे आले ते समजणार नाही.

मारियाचा जन्म १७८३ चा. वडील थॉमस ब्रॅनवेल हे पेन्झान्समधले सधन व्यापारी, घरेदारे राखून असलेले. घराणे वेस्लियन मेथडिस्ट पंथाचे. या पंथात बायकांनी वाचावे, आपल्या अंतःकरणाची तपासणी लिहून काढावी, पत्रांतून धर्मविचार मांडावा याला बळ मिळत असे. पेन्झान्स हे दूरचे गाव खरे, पण मागासलेले नव्हे. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही याच गावचा, मारियाहून चार वर्षांनी मोठा. १८१४ मध्ये कॉर्नवॉलची भूगर्भशास्त्रीय संस्था स्थापन झाली ती इथेच. १८०८ मध्ये वडील गेले, पुढच्या वर्षी आई. वडिलांच्या व्यवस्थेनुसार मुलींना प्रत्येकी वर्षाला ५० पौंड मिळत राहिले. या रकमेची किंमत कळायची तर पुढचा एक आकडा शेजारी ठेवावा लागतो. १८४१ साली शार्लट एका घरी मुलांची शिक्षिका म्हणून राहिली तेव्हा तिचा वर्षाचा पगार होता २० पौंड, आणि धुलाईचे पैसे वजा जाता हाती येत १६. म्हणजे लेकीला वर्षभर राबून जे मिळे, त्याच्या तिप्पट आईला कुणाच्या दारात उभे न राहता मिळत होते. १८१२ च्या एका पत्रात मारियाने लिहिले आहे की कित्येक वर्षे आपण आपल्याच मर्जीने वागत आलो, आपल्यावर कुणाचे नियंत्रण नव्हते आणि थोरल्या बहिणी, अगदी आईसुद्धा, महत्त्वाच्या बाबतीत आपला सल्ला घेत. एकोणतीस वर्षांच्या अविवाहित बाईने होणाऱ्या नवऱ्याला हे लिहावे, तेही तक्रार म्हणून नव्हे आणि फुशारकी म्हणूनही नव्हे, हे त्या काळात सहज घडणारे नव्हते.

त्याच वर्षी ती यॉर्कशरला आली होती. तिच्या आत्याचे यजमान जॉन फेनेल यांच्याकडे वुडहाउस ग्रोव्ह ही मेथडिस्ट प्रवचनकारांच्या मुलांसाठी नुकतीच उघडलेली शाळा होती, आणि तिथे परीक्षक म्हणून येणाऱ्या पॅट्रिक ब्राँटेशी तिची गाठ पडली. ऑगस्ट ते डिसेंबर या काळात तिने त्याला लिहिलेली नऊ पत्रे शिल्लक आहेत. त्यांत श्रद्धा आहे, थट्टा आहे, लाडाने दिलेला दम आहे आणि स्वतःच्या भावनांचा बारीक हिशेब आहे. नोव्हेंबरच्या पत्रात एक वाईट बातमी येते: पेन्झान्सहून मागवलेली तिची पेटी घेऊन येणारे जहाज डेव्हनच्या किनाऱ्यावर फुटले आणि थोड्या वस्तू सोडून सगळे समुद्रात गेले. २९ डिसेंबरला गाइझ्ली येथे त्यांचे लग्न झाले. १८१४ ते १८२० या काळात सहा मुले झाली. त्यांपैकी पाच जणांच्या नावांत आजोळ आहे: एक मुलगी खुद्द आईच्या नावाची, एलिझाबेथ, शार्लट आणि अ‍ॅन ही मारियाच्या बहिणींची नावे, आणि मुलाला दिलेले ब्रॅनवेल हे तर आईचे माहेरचे आडनाव. या धावपळीच्या वर्षांतला तिचा एक निबंधही उरला आहे. गरिबी धार्मिक जीवनाला कशी उपकारक ठरू शकते, असा त्याचा विषय. तो तिने नियतकालिकात छापण्यासाठी लिहिला होता. तो छापला गेला नाही. पॅट्रिकने त्यावर टिपण करून तो जपून ठेवला. निबंध फार मोठ्या तोलाचा आहे असे मी म्हणणार नाही. पण त्यावरून एवढे ठरते की या घरात छापण्यासाठी लिहिणारी पहिली स्त्री शार्लट नव्हती.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. आई गेली तेव्हा शार्लट पाच वर्षांची, एमिली तीन, अ‍ॅन वीस महिन्यांची. संध्याकाळच्या अंधुक उजेडात आई लहानग्या ब्रॅनवेलशी खेळते आहे, एवढीच काय ती शार्लटची आठवण. मग प्रभाव पडणार कुठून? आक्षेपातले तथ्य मान्यच आहे: आईच्या शिकवणीचा, अंगाईचा, संस्काराचा दावा इथे करता येत नाही आणि मी तो करत नाही. पण प्रभाव म्हणजे आठवणच, हे गृहीतक मला मान्य नाही. माणूस जातो आणि त्याच्या वस्तू, त्याची माणसे, त्याचे हक्क मागे राहतात. फुटलेल्या जहाजातून वाचलेले हेन्री कर्क व्हाइट या कवीचे एक पुस्तक हॉवर्थच्या घरात होते. ते लाटांतून वाचल्याची लॅटिन नोंद पॅट्रिकने त्यात केली, आणि पुढे शार्लटची काही हस्तलिखिते त्यातच सापडली. पॅट्रिकच्या मृत्यूनंतर १८६१ मध्ये घरातल्या वस्तू विकल्या गेल्या, त्यांत हे पुस्तक बाहेर पडून अमेरिकेत पोचले, आणि २०१६ मध्ये हॉवर्थच्या संग्रहालयात परत आले. त्याहून बोलका पुरावा शार्लटच्या १८४० मधल्या एका पत्रात आहे. हार्टली कोलरिजला ती कळवते की आईच्या किंवा मावशीच्या मालकीचे, समुद्रप्रवास करून आलेले, जहाज फुटल्याने खाऱ्या पाण्याचे डाग पडलेले जुने ‘लेडीज मॅगझिन’चे अंक आपण लहानपणी चोरून वाचत असू, आणि त्यांत प्रेमाच्या खुळचट गोष्टी आहेत म्हणून वडिलांनी एके दिवशी ते जाळून टाकले. १८४९ च्या ‘शर्ली’ कादंबरीत तेच खाऱ्या डागांचे अंक आणि जोडीला मेथडिस्टांची मासिके एका पात्राच्या वाचनात येतात. बापाने मुलींना वर्तमानपत्रे दिली, बायरन आणि स्कॉट वाचू दिले, हे चरित्रांत आवर्जून येते आणि यावेही. पण बायकांनी बायकांसाठी लिहिलेली प्रेमकथा हा कादंबरीचा दुसरा झराही त्याच घरात होता. तो आजोळाहून आला होता आणि बापाने तो आपल्या हाताने बुजवला, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

आता पैशाकडे वळतो, कारण माझ्या म्हणण्याचा खरा भार तिथे आहे. मारियाचे वर्षासन तिच्याबरोबर संपले. विवाहित बाईची मिळकत सामान्यतः नवऱ्याच्या हाती जाण्याचा तो काळ. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे १८७० आणि १८८२ चे कायदे अजून पुष्कळ लांब होते. त्यामुळे तिच्या हयातीतले ५० पौंड संसाराच्या खर्चात मिसळून गेले आणि त्यांची वेगळी खूण उरली नाही. पण तिच्या आजारपणात पेन्झान्सहून तिची थोरली बहीण एलिझाबेथ आली आणि मुलांसाठी राहिली ती १८४२ मध्ये मरेपर्यंत. ती अविवाहित होती, म्हणून तिचे ५० पौंड तिचेच राहिले. ती घरखर्चाला हातभार लावी आणि उरलेले साठवी. शार्लट आणि एमिली १८४२ मध्ये ब्रसेल्सला एजे यांच्या शाळेत गेल्या त्या मावशीच्या पैशांवर. ब्रसेल्सशिवाय शार्लटला ‘व्हिलेट’ ही कादंबरी सुचणे शक्य नव्हते. मावशीचे मृत्युपत्र १८३३ चे होते. तिने पैसा चार भाच्यांना वाटून दिला, तिघी हॉवर्थच्या आणि एक पेन्झान्सची. भाच्याच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. प्रत्येकीला सुमारे ३०० पौंड मिळाले. (जेन एअरलाही अचानक वारसा मिळतो आणि ती तो बरोबर चौघांत वाटते. याला पुरावा म्हणता येणार नाही, पण वाचताना थबकायला होते.) १८४६ मध्ये तिघींनी आपल्या कविता स्वखर्चाने छापल्या; सुरुवातीला ३१ पौंड १० शिलिंग मोजले, आणि वर्षभरात प्रती खपल्या दोन. पुढे एमिलीची ‘वदरिंग हाइट्स’ आणि अ‍ॅनची ‘अ‍ॅग्नेस ग्रे’ छापायला न्यूबी या प्रकाशकाने लेखिकांकडूनच ५० पौंड मागितले. ते त्यांच्याजवळ होते. त्या दोघींच्या कादंबऱ्या १८४७ च्या डिसेंबरात बाहेर आल्या त्या या पैशावर.

यावर कुणी म्हणेल की हे श्रेय मावशीचे, आईचे नव्हे. मावशीचे श्रेय कमी करण्याचा माझा हेतू नाही; तीही उपेक्षितच आहे. पण ती हॉवर्थला आली कुणासाठी आणि राहिली कुणासाठी? दोघींच्या हाती जे होते ते एकाच बापाने, एकाच समजुतीने ठेवले होते: मुलीचे पोट नवऱ्यावर अवलंबून असू नये. एकीने लग्न केले म्हणून तिचा वाटा दिसेनासा झाला, दुसरीने केले नाही म्हणून तो हिशेबात राहिला. आईची अदृश्यता इथे कायद्याने घडवलेली आहे. दुसरा आक्षेप असा की ‘जेन एअर’ला कुणी पैसे मागितले नाहीत, उलट प्रकाशक स्मिथ एल्डर यांनी शार्लटला १०० पौंड दिले, मग पैशाला एवढे महत्त्व का? खरे आहे. पैशाने प्रतिभा येत नाही, आणि वर्षासन असलेल्या शेकडो बायकांच्या घरी ‘वदरिंग हाइट्स’ लिहिली गेली नाही. परंतु एमिली ‘जेन एअर’च्या प्रकाशकाकडे गेली नव्हती. तिची एकमेव कादंबरी ज्या मार्गाने आली त्या मार्गावर ५० पौंडांचा नाका होता.

हे सगळे कागदोपत्री असताना चित्र हॉवर्थचेच का राहिले, याचे उत्तर एलिझाबेथ गॅस्केलने लिहिलेल्या, १८५७ मध्ये आलेल्या शार्लटच्या चरित्रात मिळते. गॅस्केलवर अन्याय करायचा नाही: तिने पेन्झान्सचे वर्णन दिले आहे, मारियाच्या पत्रांतले उतारेही छापले आहेत. पण तिला ‘असभ्य’ म्हणून हिणवल्या गेलेल्या मैत्रिणीचा बचाव करायचा होता, आणि त्यासाठी रानटी परिसर आणि दुःखाने घडलेली निष्पाप मुलगी ही मांडणी उपयोगी होती. त्या मांडणीत सुखवस्तू, थट्टेखोर, स्वतःच्या मताची आई बसत नव्हती; मरणारी आई बसत होती. शिवाय बाप १८६१ पर्यंत जगला, त्याला भेटता येत होते, त्याच्याबद्दल विचारता येत होते. ब्रॅनवेल घराण्याकडे विचारायला फार कमी जण गेले.

स्वतः शार्लटला आई भेटली ती १८५० च्या फेब्रुवारीत. वडिलांनी ती जुनी पत्रे तिच्या हाती दिली. ती वाचून तिने मैत्रिणीला लिहिले की ज्या मनातून आपले मन आले त्याची ओळख अशी व्हावी हे विलक्षण आहे, आणि आई जगली असती तर किती बरे झाले असते. तोवर ‘जेन एअर’ आणि ‘शर्ली’ लिहून झाल्या होत्या, भावंडे गेली होती. म्हणजे पत्रांचा तिच्या त्या कादंबऱ्यांवर परिणाम झाला असे म्हणता येत नाही. तरी ‘शर्ली’मध्ये आईविना वाढलेल्या कॅरोलाइनला मरणाच्या दारात तिची हरवलेली आई सापडते. आणि अ‍ॅनने, जिला आई आठवणेच शक्य नव्हते, ‘अ‍ॅग्नेस ग्रे’मध्ये जी आई उभी केली ती श्रीमंत घरची, गरीब धर्मोपदेशकाशी आपल्या मर्जीने लग्न केलेली आहे. नवरा गेल्यावर तिचा बाप कळवतो की लग्नाचा पश्चात्ताप झाल्याचे कबूल कर, म्हणजे मुलींना वारसा मिळेल. ती साफ नाकारते आणि मुलीला सोबत घेऊन स्वतःची शाळा काढते.