घर ते काम : कंत्राटी व्यावसायिकाला प्रवासखर्चाची वजावट कितपत?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याचा विस्तार सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक असून तालुके १४ आहेत. नगर शहरात राहून कधी सुपे किंवा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, तर कधी राहुरी, श्रीरामपूर, संगमनेरकडे कामासाठी जाणारे अभियंते व तांत्रिक सल्लागार येथे नवे नाहीत. त्यांपैकी जे नोकरी सोडून कंत्राटावर काम स्वीकारतात, त्यांच्यापुढे पहिल्याच वर्षी प्रश्न उभा राहतो : पेट्रोल, टोल आणि एसटीचे भाडे खर्चात धरता येते का?

नोकरदार आणि व्यावसायिक

नोकरदाराला प्रत्यक्ष प्रवासखर्चाचा हिशेब द्यावा लागत नाही. दरमहा १,६०० रुपयांपर्यंतच्या वाहतूक भत्त्यावरील सर्वसाधारण करसवलत २०१८-१९ पासून बंद झाली आणि तिच्या जागी प्रमाणित वजावट आली. जुन्या करप्रणालीत ही वजावट ५० हजार, तर नव्या प्रणालीत २०२४-२५ पासून ७५ हजार रुपये आहे. स्वतंत्र कंत्राटदाराला मिळणारे शुल्क हे वेतन नसल्याने त्याला ही वजावट मिळत नाही. त्याऐवजी प्रत्यक्ष व्यावसायिक खर्च वजा करण्याची मुभा असते आणि ती नव्या करप्रणालीतही कायम आहे.

कामाचे ठिकाण कोणते?

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ३७ (१) नुसार खर्च पूर्णतः व केवळ व्यवसायासाठी झालेला असावा. तो वैयक्तिक किंवा भांडवली स्वरूपाचा नसावा. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी हे तत्त्व तेच आहे.

अशाच शब्दरचनेवर इंग्लंडमध्ये झालेले दोन निवाडे येथे बंधनकारक नसले, तरी मुद्दा स्पष्ट करतात. ‘न्यूसम विरुद्ध रॉबर्टसन’ (१९५२) या खटल्यातील बॅरिस्टर सायंकाळी घरीही काम करीत असे. तरीही घर ते लंडनमधील कार्यालय हा त्याचा प्रवासखर्च अमान्य झाला. उलट ‘हॉर्टन विरुद्ध यंग’ (१९७१) मध्ये निरनिराळ्या बांधकामांवर जाणाऱ्या गवंड्याचे घर हेच त्याच्या व्यवसायाचे केंद्र मानले गेले आणि त्याचा खर्च मान्य झाला.

याचा अर्थ असा, की सावेडीतील घरातून वर्षभर सुप्यातील एकाच कारखान्यात जाणाऱ्याचा दावा कमकुवत ठरतो. घरीच कार्यालय असलेला आणि तेथून अनेक ग्राहकांकडे जाणारा सल्लागार मात्र भक्कम स्थितीत असतो. एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या प्रवासाबाबत सहसा वाद उद्भवत नाही.

अनुमानित उत्पन्नाचा पर्याय

अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला, वैद्यक, वकिली आदी ठरावीक व्यवसायांसाठी जुन्या कायद्यातील कलम ४४ एडीए नुसार निम्मी जमा हेच उत्पन्न मानले जाते. नव्या कायद्यातही ही सोय आहे. वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत असल्यास, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास ७५ लाखांपर्यंत, हा पर्याय घेता येतो. मात्र उरलेल्या निम्म्या रकमेत सर्व खर्च आला असे गृहीत धरले जात असल्याने प्रवासखर्च वेगळा मागता येत नाही.

समजा, वार्षिक शुल्क १२ लाख आणि प्रवासासह प्रत्यक्ष खर्च ३ लाख आहे. हिशेबाप्रमाणे नफा ९ लाख होतो, तर अनुमानित पद्धतीने ६ लाखच धरला जातो. येथे पेट्रोलच्या पावत्यांपेक्षा हा पर्यायच लाभदायक ठरतो. खर्च ७ लाख असेल तर चित्र उलटे होते. मात्र निम्म्याहून कमी नफा दाखवायचा आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेहून अधिक असेल, तर हिशेबाच्या वह्या आणि लेखापरीक्षण दोन्ही आवश्यक असतात.

स्वतःचे वाहन आणि पावत्या

मोटारीची किंमत एकदम खर्चात धरता येत नाही. सर्वसाधारणपणे वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. मोटार त्या वर्षी १८० दिवसांहून कमी वापरली असल्यास तो निम्मा होतो. घरगुती वापराचा हिस्साही वगळावा लागतो. ८ लाखांच्या मोटारीचा व्यावसायिक वापर ७० टक्के असेल, तर पहिल्या पूर्ण वर्षी १ लाख २० हजारांपैकी ८४ हजार रुपयेच मान्य होतील. हे प्रमाण सिद्ध करण्यासाठी तारीख, ठिकाण, कामाचा हेतू आणि किलोमीटर यांची नोंदवही उपयोगी पडते. एका व्यक्तीला एका दिवसात १० हजारांहून अधिक रक्कम रोखीने दिल्यास तो खर्च सहसा नामंजूर होतो.

ग्राहक प्रवासखर्च भरून देणार असेल, तर करारात तसे स्पष्ट लिहून घ्यावे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १९९५ च्या परिपत्रक क्रमांक ७१५ नुसार बिलातील अशी रक्कम वगळून करकपात करता येत नाही. ग्राहकाने भरून दिलेला खर्च जमेत न दाखवता पुन्हा स्वतःच्या खर्चात मांडणे, ही दुहेरी वजावट ठरते.

कोणता मार्ग फायद्याचा, हे वर्षअखेरीस पडताळता येते. त्यासाठी नोंदी मात्र पहिल्या दिवसापासून हव्यात.