रक्तदानाचे आमंत्रण

स्मरणिकेसाठी मंडळाच्या रक्तदान-शिबिरांविषयी लिहावे, असे चिटणीसबाईंनी मला सुचविले. तेव्हा आकडेवारीपेक्षा या कामाचा पूर्वेतिहासच भगिनींपुढे ठेवावा, असे मला वाटले. दारोदार फिरून दात्यांची नावे जमविण्याची आपली रीत आजची नव्हे. आणि तीत स्त्रियांचा वाटा प्रथमपासून आहे.

एकाचे रक्त दुसऱ्यास कधी तारते, तर कधी मारते. याचे कारण व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगट शोधून दाखवून दिले. सायट्रेट मिसळल्यास रक्त गोठत नाही, हेही १९१४ मध्ये समजले. शास्त्राची अडचण सरली; माणसांची उरली. ऐन वेळी दाता आणावयाचा कोठून?

याचे उत्तर लंडनच्या एका घराने दिले. १९२१ साली रेडक्रॉसच्या कँबरवेल शाखेचे चिटणीस पर्सी ऑलिव्हर यांना इस्पितळातून निरोप आला, की रक्त देणारा माणूस तातडीने हवा. शाखेतील काही मंडळी गेली व एका परिचारिकेचे रक्त जुळले. त्यानंतर ऑलिव्हर आणि त्यांच्या पत्नी एथेल यांनी विनामूल्य रक्त देणाऱ्यांची यादी घरीच ठेवली व निरोप येताच दाते धाडण्यास सुरुवात केली. पुढे १९३९ च्या युद्धात डॉ. जॅनेट व्हॉन या विदुषीने लंडनभोवती रक्तसाठ्याची केंद्रे उभारण्यात पुढाकार घेतला. त्या कामी दुधाच्या बाटल्यांसारख्या बाटल्या वापरल्या गेल्या, हे वाचून मला मोठे नवल वाटले!

आपली मुंबईही मागे नव्हती. १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे एक अतिदुर्मिळ रक्तगट शोधला. त्यास जगभर ‘बाँबे’ हेच नाव पडले. त्याच दशकात श्रीमती लीला मुळगावकर यांनी ऐच्छिक रक्तदानाची चळवळ येथे उभी केली. १९६३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तरीही रक्त विकण्याचा धंदा कित्येक वर्षे चालूच होता. गरजेपोटी रक्त विकणारा आपला आजार लपवितो, वारंवार रक्त देतो. त्यात त्याचेही नुकसान आणि रोग्याचेही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने हा धंदा १९९८ च्या आरंभापासून बंद झाला. बंदी आली, पण रक्ताची गरज थोडीच थांबते? ती जागा भरून काढणे आपल्यासारख्यांकडे आले.

आता घरची गोष्ट. रक्त देण्यास हिमोग्लोबिन किमान साडेबारा ग्रॅम लागते. आमच्या शिबिरात टेबलाशी बसून मी नावे लिहून घेते, तेव्हा दर वेळी उमेदीने आलेल्या कितीतरी भगिनी एवढ्याचसाठी परतताना पाहते. बाळंतपणात रक्तस्राव झाला, तर बाटली आपल्यालाच लागावयाची; आणि देण्याइतके रक्त मात्र आपल्याच अंगात नाही! सर्वांना वाढून उरलेसुरले खाणारीच्या ताटाकडे घरात कोण पाहते? परत पाठविलेल्या भगिनीने लाज न मानता ती सूचना समजावी व डॉक्टरांस दाखवावे. तिने त्या दिवशी शेजारच्या दोघांना जरी शिबिरास आणले, तरी तिचे दान पोहोचलेच.

आणखी एक. रक्तातील तांबड्या पेशी सामान्यतः पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. म्हणून वर्धापनदिनाचे एकच मोठे शिबिर पुरेसे नाही. मे महिन्यात लोक गावी जातात आणि रक्तपेढीत टंचाई पडते. तेव्हाही शिबिर भरवावे, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे.

हळदीकुंकवाचे बोलावणे करावयास आपण चार जिने चढतोच. याही बोलावण्यासाठी चढू या.