हाताचा गुण की सुईचा?

मान धरली की आपल्याकडे घरोघरी ठरलेले उपाय सुरू होतात. तव्यावर फडके गरम करून शेक द्यायचा, बाम चोळायचा, उशी बदलून पाहायची. तेवढ्याने भागले नाही की कोणीतरी सांगतेच, अमक्याकडे जा, त्याच्या हाताला गुण आहे. औषध तेच, पण एकाने दिले तर लागू पडते आणि दुसऱ्याने दिले तर पडत नाही, असा आपला अनुभव असतो. हा 'हाताचा गुण' आपल्या भाषेत इतका रुळला आहे की तो नेमका असतो किती, हे विचारायचे आपल्या मनातही येत नाही.

परदेशात काही डॉक्टरांनी मात्र हे विचारले, आणि त्यासाठी त्यांनी मानेचेच जुनाट दुखणे निवडले. उपचार होता अ‍ॅक्युपंक्चरचा, म्हणजे सुया टोचण्याचा. या कथेत विजेचेही एक यंत्र आहे आणि त्याची कामगिरी मोठी गमतीची आहे. पण ती समजायला थोडे मागे जावे लागेल.

चीनच्या या विद्येची वार्ता युरोपला पोचली ती जपानमार्गे. त्या वाटेवर आपला गोवाही होता. 1549 मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यातूनच जपानला निघाले. त्यांच्यामागून गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी तिथले लोक आजारात सुया टोचून घेतात हे पाहिले. 1603 मध्ये नागासाकीला छापलेल्या जपानी-पोर्तुगीज शब्दकोशात या उपचाराचे शब्द सापडतात. त्याचे वैद्यकीय वर्णन केले ते डच ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर विलेम टेन राइने याने. त्याचे पुस्तक 1683 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले आणि लॅटिनमधल्या सुई आणि टोचणे या दोन शब्दांपासून बनलेले 'अ‍ॅक्युपंक्चर' हे नाव तिथूनच रूढ झाले.

पुढे सव्वाशे वर्षांनी फ्रान्समध्ये या सुयांचे वेड आले. प्रसिद्ध संगीतकार हेक्टर बेर्लिओझ याचे वडील लुई बेर्लिओझ हे डॉक्टर होते. त्यांनी 1810 पासून रोग्यांना सुया टोचायला सुरुवात केली आणि 1816 मध्ये त्यावर लिहिले. सुयांना विजेची जोड दिली तर गुण वाढेल, अशीही सूचना त्यांनी केली होती. व्होल्टाची विद्युत घटमाला तेव्हा नवी होती आणि विजेबद्दल लोकांना मोठे अप्रूप होते. 1825 मध्ये सार्लांदिएर या फ्रेंच डॉक्टरने ती कल्पना प्रत्यक्षात आणली. संधिवात आणि वाताच्या दुखण्यांवर त्याने सुयांमधून वीज सोडली आणि या उपचारावर पुस्तक लिहिले. म्हणजे विजेचे अ‍ॅक्युपंक्चर, जे आपण पुरातन चिनी विद्या म्हणून ऐकतो, त्याचा जन्म युरोपातला आहे! कितीतरी रोगी बरे झाल्याचे त्या काळच्या डॉक्टरांनी लिहून ठेवले. पण सुया न टोचता त्यांतले किती बरे झाले असते, हे कोणी पाहिले नाही. काही वर्षांत ते वेड ओसरले.

खुद्द चीनमध्ये 1822 मध्ये बादशाही वैद्यशाळेतून ही विद्या काढून टाकली गेली होती. तिला पुन्हा दिवस आले ते 1949 नंतर, माओच्या राजवटीत. 1958 पासून तिथे भूल न देता, नुसत्या सुया टोचून शस्त्रक्रिया करण्याचे प्रयोग सुरू झाले. शस्त्रक्रिया चालू असेतो त्या सुया कोणीतरी सतत फिरवत राहाव्या लागत. माणसांचे हात थकत, म्हणून सुयांना तारा जोडून बारीक वीज सोडणारे यंत्र आले.

याच सुमारास ही विद्या भारतातही आली, आणि तिच्यामागे मराठी वाचकांच्या ओळखीची एक कथा आहे. 1938 मध्ये राष्ट्रीय सभेने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीस 1942 मध्ये तिथेच वारले. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे ते घराघरांत पोचले. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू 1950 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि कलकत्त्यात त्यांनी हा उपचार सुरू केला.

अमेरिकेला त्याचा शोध लागला 1971 मध्ये. न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगला असताना त्यांचे आंत्रपुच्छ दुखू लागले. तिथल्या डॉक्टरांनी नेहमीसारखी भुलीची इंजेक्शने देऊन शस्त्रक्रिया केली. नंतर पोट फुगून दुखू लागले तेव्हा कोपरावर आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या, आणि तासाभरात आराम पडला. 26 जुलै 1971 च्या अंकात रेस्टननी हे लिहिले. पण गोष्ट तोंडोतोंडी गेली ती अशी, की रेस्टनची शस्त्रक्रियाच म्हणे नुसत्या सुयांवर झाली! आपल्याकडच्या वैद्यांच्या कथाही अशाच वाढतात.

यानंतर प्रयोगशाळा कामाला लागल्या. पेकिंगमध्ये हान जिशेंग यांनी सुयांमुळे दुखण्याची सहनशक्ती किती वाढते ते मोजले. पुढे त्यांना असे दिसले, की विजेचे ठोके सेकंदाला दोन असले तर शरीरात एक प्रकारची वेदनाशामक द्रव्ये तयार होतात आणि शंभर असले तर दुसऱ्या प्रकारची. 1976 मध्ये कॅनडातल्या पोमेरान्झ यांनी दाखवले, की अफूचा परिणाम उतरवणारे नॅलॉक्सोन हे औषध दिले तर उंदरांमध्ये सुयांचा परिणामही उतरतो. म्हणजे सुया शरीरातली स्वतःची अफू जागी करतात. हा मोठा शोध होता, आणि वाद मिटला असेच अनेकांना वाटले.

वाद मिटला नाही. 1978 मध्ये अमेरिकेत लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांवर एक प्रयोग केला. औषध म्हणून ज्यात औषध नाही असेच काही दिले तरी काहींचे दुखणे कमी झाले. अशा खोट्या उपचाराला प्लासिबो म्हणतात. पण नॅलॉक्सोन दिल्यावर तो आरामही उतरला! म्हणजे नुसत्या विश्वासानेही शरीरातली तीच अफू जागी होते. आता सुयांनी ती जागी झाली की सुयांवरच्या विश्वासाने, हे कसे सांगणार?

मानेच्या दुखण्यात हा घोळ आणखी वाढतो. हे दुखणे भरती-ओहोटीसारखे असते. माणूस डॉक्टरकडे जातो तो ऐन भरतीच्या वेळी, आणि पुढची ओहोटी आपसूक येणारच असते. श्रेय मात्र शेवटच्या उपचाराला मिळते. म्हणून खरी परीक्षा घ्यायची तर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रोग्यांचे गट पाडायचे, एकाला खरा उपचार द्यायचा आणि दुसऱ्याला हुबेहूब खरा वाटेल असा खोटा. खोटी गोळी करणे सोपे आहे. खोटी सुई कशी करणार? 1998 मध्ये जर्मनीत एक युक्ती निघाली. नाटकातल्या खंजिराचे पाते मुठीत सरकते, तशी टोचल्यावर दांड्यात सरकणारी बोथट सुई. दुसरी युक्ती त्याआधीचीच होती, ती म्हणजे वीज न सोडणारे विजेचे यंत्र.

तिचा उत्तम उपयोग झाला इंग्लंडमधल्या साउदम्प्टनला. तिथल्या पीटर व्हाइट, जॉर्ज लेविथ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. मान जुनाट दुखणारे 135 रोगी त्यात घेतले होते. एका गटाला खऱ्या सुया टोचल्या. दुसऱ्या गटाच्या त्याच ठिकाणांवर विजेच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या यंत्राची टोके लावली. यंत्र चालू दिसे, पण त्यातून वीज येत नव्हती. दोन्ही गटांना चार आठवड्यांत आठ वेळा बोलावले. दुखणे मोजायला 100 मिलिमीटरची रेघ होती. एका टोकाला काहीच दुखत नाही, दुसऱ्या टोकाला असह्य दुखते. आपले दुखणे कुठे आहे तिथे रोग्याने खूण करायची.

निकाल काय लागला? दोन्ही गटांचे दुखणे चांगले कमी झाले. वीज नसलेल्या यंत्राने उपचार झालेल्यांचाही उपचारावर सुयावाल्यांएवढाच विश्वास बसला होता. सुयांचा गट किंचित पुढे होता, फरक होता 6.3 मिलिमीटरचा. उकड्या तांदळाच्या एका दाण्याएवढा! गणिताने तो योगायोग ठरत नव्हता, पण रोग्याच्या दृष्टीने त्याला फारसा अर्थ नाही, असे संशोधकांनीच प्रामाणिकपणे लिहिले. सगळे उपचार एकाच व्यक्तीच्या हातून झाले, ही या अभ्यासाची एक मर्यादा होती.

असे एकट्या साउदम्प्टनलाच झाले नाही. 2001 मध्ये जर्मनीत 177 रोग्यांवर झालेल्या परीक्षेत सुया मालीशपेक्षा सरस ठरल्या, पण बंद लेझरपेक्षा ठरल्या नाहीत. विजेच्या बाजूनेही पुरावा आहे. व्हिएन्नात 2003 मध्ये कानातल्या सुयांमधून वीज सोडली तेव्हा नुसत्या सुयांपेक्षा जास्त आराम पडला. पण रोगी होते अवघे 21, त्यामुळे त्यावर मोठी इमारत उभी करता येत नाही. 2006 मध्ये जर्मनीतच चौदा हजारांहून अधिक रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या चिठ्ठ्यांनी निवडलेल्या सुमारे 3700 जणांत, नेहमीच्या उपचारांना सुयांची जोड मिळालेल्यांना ती न मिळालेल्यांपेक्षा बराच जास्त फायदा झाला. 2012 मध्ये 29 परीक्षांमधल्या जवळजवळ 18 हजार रोग्यांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हाही हेच चित्र दिसले. काहीच न करण्यापेक्षा सुया चांगल्या, आणि खोट्या सुयांपेक्षा खऱ्या सुया थोड्याच चांगल्या.

या आकड्यांवरून दोन टोकांची भांडणे होतात. सगळे थोतांड आहे, असे एक म्हणतो. हजारो वर्षांचे ज्ञान सिद्ध झाले, असे दुसरा म्हणतो. मला वाटते, दोघेही एकेकच तुलना पाहतात. आपल्याला गुण येईल का, हा रोग्याचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बऱ्यापैकी होकारार्थी आहे. तो गुण सुईने येतो का, हा शास्त्राचा प्रश्न. त्याचे उत्तर, थोडासा. बाकीचा येतो तो आठ वेळा शांत पडून राहण्यातून, कोणीतरी नीट विचारपूस केल्यातून, बरे वाटेल या आशेतून. ब्रिटनच्या आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या नाइस या संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका म्हटले, आणि 2021 मध्ये काही जुनाट दुखण्यांसाठी त्याचा विचार करायला हरकत नाही म्हटले. जाणकारांचेही असे होते!

हा हिशेब आपल्याला का हवा? कारण त्याने उपचाराची किंमत कळते. दहा-बारा बैठकांत बरे वाटले तर चांगलेच. पण एवढ्या व्होल्टचे यंत्र, तेवढ्या हजारांचे पॅकेज असे कोणी सांगू लागले, तर बंद यंत्राची ही गोष्ट आठवावी. सुया नव्या, एकदाच वापरायच्या आहेत ना, हे बघावे. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी विजेपासून लांब राहावे. मानेबरोबर हाताला बधिरपणा येत असेल, हातातली वस्तू निसटत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर आधी डॉक्टरकडे जावे. तिथे हाताच्या गुणावर विसंबून चालत नाही.

'हाताला गुण आहे' असे म्हणणारे आपले जुने लोक भाबडे होते, असे मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही. गुण असतो हे त्यांनी बरोबर ओळखले होते. त्यांनी तो फक्त मोजला नव्हता, आणि मोजायला बसलेल्यांना तो सापडला वीज नसलेल्या एका यंत्रापाशी.