काटेसावरीचा काटा

भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर काटेसावर पुष्कळ. तिच्या कोवळ्या खोडावरचा काटा जवळून पाहावा: बुडाशी रुंद, फुगीर आणि टोकाला अणकुचीदार. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात तरुणांच्या तोंडावरच्या ‘मुखदूषिके’ला हीच उपमा दिली आहे, कारणं सांगितली ती कफ, वात आणि रक्त. ‘तारुण्यपीटिका’ हा शब्दही वयाकडेच बोट दाखवतो. तरी मुरूम आले की खापर फुटतं ते तेलावर: डोक्याला चोपडलेल्या, ताटातल्या, नाहीतर नीट न धुतलेल्या. मला जुन्या शब्दाचंच म्हणणं पटतं. इथल्या वरकस जमिनींत नाचणी-वरईबरोबर कारळे पिकत आले. त्यांचं घाण्याचं तेल जेवणातही आणि अंगालाही. दिवाळीत आधी तेल, मग उटणं. एकाच वाटीतलं तेल आठ वर्षांच्या पोराला आणि साठीच्या आजोबांना लागतं, पण मुरूम उठतात ते सोळा वर्षांच्या पोराच्या तोंडावर. फरक तेलात नाही, वयात आहे.

वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांमुळे केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथी वाढतात आणि जास्त सीबम, म्हणजे त्वचेचं तेल, पाझरू लागतं. मृत पेशींनी छिद्राचं तोंड बुजलं की ते आत साचतं, जंतूंचं फावतं आणि सूज येते. 1941 मध्ये जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवलं की वयात येण्यापूर्वी वृषणं गमावलेल्या पुरुषांना मुरूम येत नाहीत. टेस्टोस्टेरॉन दिल्यावर मात्र येऊ लागतात. बाहेरचं तेल अगदीच निर्दोष आहे, असं मात्र नाही. केसांना चोपडलेल्या पोमेड या तेलकट मलमामुळे कपाळावर आणि कानशिलांवर बारीक पुटकुळ्या येतात, हे 1970 मध्ये अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी नोंदवलं. पण हे तेल फार तर छिद्राचं तोंड बुजवतं. ग्रंथीला पाझरायला लावत नाही. आहाराचा आक्षेप अधिक वजनदार. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर तपासलेल्या 1200 जणांत एकालाही मुरूम आढळला नाही. तिथे साखर-मैदा जवळजवळ नव्हताच. म्हणजे वय हे एकटंच कारण नव्हे. पण संशोधकांनी बोट ठेवलं ते इन्सुलिन आणि संप्रेरकांवर, म्हणजे पुन्हा आतल्याच वाटेवर. कारळ्याच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं आणि मुरूमवाल्यांच्या सीबममध्ये ते कमी सापडतं; म्हणून तेच तेल तोंडाला चोळा, असं कोणी म्हणेल तर ती उडी फार लांबची. गंमत अशी की सुश्रुताने आधी वमन सांगितलं आणि मग वेखंड, लोध्र, सैंधवाचा लेप, आणि त्यात मोहरी. तीही तेलबीच.